टोकाचा नळ

आशालताबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पाणी खात्याच्या पायरीवर उभ्या राहून काचेच्या एका नळीतून सूर्याकडे बघत होत्या. साल दोन हजार तीन. मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो आणि कचेरीत माणसांनी टेबलाशी बसायचं असतं अशी माझी समजूत होती. म्हणून जरा चढ्या आवाजात विचारलं, "काय बघताय?" त्या म्हणाल्या, "पिवळं." आणि पुन्हा बघायला लागल्या. मी पाय आपटत आत गेलो. मला माणसांचा राग फार लवकर येतो, हे आत्ताच सांगून ठेवतो.

ते पिवळं काय असतं ते कळायला मला आठवडा लागला. धरणाचं पाणी टाकीत आलं की त्यात क्लोरीन घालतात. ते थोडंसं तरी शेवटच्या नळापर्यंत टिकलं पाहिजे. नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतल्या औषधाचे थेंब सोडायचे. पाणी पिवळं झालं की सगळं ठीक, पांढरंच राहिलं की कुठंतरी गडबड आहे. आशालताबाई रोज सकाळी सव्वीस नळांवर हे करत. सव्वीस गल्ल्या, प्रत्येक गल्लीतलं शेवटचं घर. आम्ही त्याला टोकाचा नळ म्हणायचो. टोकाला पाणी पोचलं म्हणजे मधल्या सगळ्यांना पोचलं, असं धरून चालायचं. पनवेलसारख्या गावाच्या पाण्यावर कोण नजर ठेवतं, असं कुणी विचारलं तर समित्या आणि साहेब यांची मोठी यादी दाखवता आली असती. खरं पाहिलं तर नळ्या-औषधाची एक लाकडी पेटी, एक वही आणि ही बाई.

बाई मूळच्या चिरनेरच्या बाजूच्या. वडील मिठागरात होते. लहानपणी त्या वडिलांबरोबर बांधावर बसून राहायच्या आणि मिठागरातल्या पाण्याचा रंग कसा बदलतो ते बघायच्या. पाण्यावर गुलाबी झाक आली की मीठ बसणार, हे त्या सातव्या वर्षी सांगू शकत. लग्न होऊन पनवेलला आल्या, नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा, तो तापाने गेला. मग पाणी खात्यात झाडू मारायला लागल्या. त्या वेळच्या एका डॉक्टरांनी रंगाची पट्टी समोर धरून खात्यातल्या सगळ्यांना विचारलं होतं, यातला सगळ्यांत फिका पिवळा कोणता? कुणालाच तो दिसेना. झाडू हातात घेऊन उभ्या असलेल्या आशालताबाईंनी लांबून बोट दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून पेटी त्यांच्याकडे आली.

काम चोख, पण बाई जागेवर नसायच्या. म्हणजे शरीर असायचं. चालता चालता मधेच थांबून रस्त्याकडे बघत राहायच्या, आणि विचारलं तर म्हणायच्या, "आता पाणी वडाळे तलावाच्या बाजूनं वळलं." डांबराखालून पाणी चाललंय हे त्यांना दिसायचं म्हणे. मी एकदा त्यांच्या फेरीला गेलो होतो, साहेबांनी पाठवलं म्हणून, तोंड वाकडं करूनच. पहाटेचं धुकं अजून उतरायचं होतं, प्रबळगड अर्धा पुसलेला, दुकानांच्या फळ्या बंद. बाई हलक्या पावलांनी पुढे, मी मागे. बोलत होत्या की कुणाला गोष्ट सांगत होत्या ते कळत नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी पाणी रात्रभर निजलेलं असतं, मग त्याला जागं करतात, मग ते अंधारातून एवढी माणसं शोधत येतं, त्याला सगळ्यांची घरं पाठ असतात. मी म्हटलं, "बाई, ते दाबाने येतं." त्या म्हणाल्या, "व्हय, दाबानं पन येतं." नवव्या नळाला मला काय झालं कुणास ठाऊक, माझ्याही पायांखालून काहीतरी सरकत चाललंय असं वाटायला लागलं. गाव वर झोपलेलं आणि खाली दुसरंच एक गाव चालत असलेलं. मी हे कचेरीत कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो आहे.

प्रत्येक नळावर त्यांचा नियम एकच. नळ आपल्या हाताने उघडायचा, दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मगच नळी भरायची. घरातलं माणूस कितीही म्हणालं की हे घ्या भरलेलं, तरी घ्यायच्या नाहीत. एका वकिलीणबाईंशी यावरून वाजलं होतं. सव्वीसपैकी पंचवीस नळांवर हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही.

सव्विसावा नळ मोहल्ल्यातल्या हौदाच्या गल्लीत, मी लागलो त्याच वर्षी फेरीत आलेला. अकरा घरं, शेवटचं घर झुबेदा खालांचं. खाला सत्तरीच्या, एकट्या. मुलगा जमाल कुवेतला. नळ घराच्या अगदी मागे, मोरीत, आणि मोरीपर्यंत जायचं तर झोपायची खोली ओलांडून जावं लागे. आपल्याकडे आलेल्या माणसाला मोरीत उभं करायचं ही गोष्ट खालांच्या डोक्यात बसणारी नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी आशालताबाईंना ओट्यावर बसवलं, लोटा भरून आणून समोर ठेवला आणि म्हणाल्या, "ये गो, बस. हे आत्ताच नळाचं काढलंय. च्या घेतल्याबिगर जायचा नाय." आणि पंचवीस घरांत उभ्याने काम करून आलेली ही बाई तिथे बसली. त्या लोट्यातलं पाणी तिनं नळीत घेतलं, थेंब सोडले, पिवळं आलं. मग चहा, नारळाची बर्फी नाहीतर सांदणाचा तुकडा, आणि ओट्यावर येणारं कोवळं ऊन. बाई नळी उन्हात धरून तिच्यातून गल्लीकडे बघायच्या, सगळी गल्ली पिवळी दिसायची, आणि दिवसातली ती दहा मिनिटं त्यांची स्वतःची असायची. एवढीशी सूट कुणी घेऊ नये असं मी तरी म्हणणार नाही.

हौदाच्या गल्लीतून अर्ज यायचे. पाणी येत नाही. तक्रारींचं टेबल माझं. पहिला अर्ज दोन हजार चारचा, मग दरवर्षी एखादा. मी वही काढायचो. हौदाची गल्ली, टोकाचा नळ, रोजच्या रोज पाणी आहे, रंग पिवळा, खाली आशालताबाईंची सही. मग मी सुबक अक्षरात उत्तर लिहायचो: टोकाच्या नळावर रोज पाणी मिळत असल्याने तक्रारीत तथ्य आढळत नाही. एका अर्जावर तर झुबेदा खालांचाच अंगठा होता. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, बघा लोक कसे असतात, घरात पाणी येतंय आणि अंगठा ठोकतात. खात्यात सगळ्या वह्यांपेक्षा आशालताबाईंच्या वहीवर साहेबांचा विश्वास होता, माझाही होता.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीतली गोष्ट. बाई सव्विसाव्या नळाशी पोचल्या. खाला खाटेवरच होत्या, आदल्या संध्याकाळी पाय मुरगळला होता. तरी लंगडत आत गेल्या, लोटा आणून ठेवला. बाईंनी थेंब सोडले. पाणी पांढरंच. आणखी थेंब सोडले. पांढरंच. त्यांनी लोट्यात बोट बुडवून बघितलं. सकाळी नळाला येणारं पाणी थोडं कोमट असतं, हे माठासारखं गार होतं. रात्रभर साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

"खाला, कधी भरलंत हे?"

"आत्ताच गो."

बाईंनी चहा संपवला. उठल्या आणि शेजारच्या घराची कडी वाजवली. तिथे अल्फिया नावाची तरुण सून होती. बाईंनी नळ उघडायला सांगितला. अल्फियाने उघडला. नळातून नुसती हवा आली, फुस्स करून, आणि तीही लगेच थांबली.

"कधीपासून?"

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून असंच आहे. पाच वर्षं झाली," अल्फिया म्हणाली. "पहिल्या चार घरांना करंगळीएवढी धार येते. पुढे काहीच नाही. आम्ही सगळ्या रस्त्यावरच्या नळाचं भरतो."

"मग खाला?"

अल्फिया त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला खरंच माहीत नाही? खाला रोज साडेसहाला कळशी घेऊन जातात ना रस्त्यावर. तुमच्यासाठीच तर आणतात. आम्हाला वाटायचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे आणि मुद्दाम करताय."

एवढी वर्षं त्या गल्लीतल्या बायका आशालताबाईंना बघून दार का लोटून घेत, ते त्या दिवशी त्यांना कळलं. त्यांना वाटायचं, लाजतात.

त्या सरळ माझ्या टेबलाशी आल्या आणि खुर्चीवर बसल्या. सहा वर्षांत त्या कधी बसल्या नव्हत्या. सगळं सांगितलं. नळ सुकला असेल त्या सुमाराचं सुद्धा त्यांना आता आठवलं. दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर त्या खालांना सहज बोलून गेल्या होत्या की एक जरी नमुना राहिला तर साहेब बोलतात. खालांनी ते मनात ठेवलं. नळाचं पाणी थांबलं त्या दिवसापासून त्या पहाटे उठून रस्त्यावर जायला लागल्या, कारण ही पोर दारातून रिकाम्या हाताने जाता कामा नये आणि तिला बोलणी बसता कामा नयेत. अर्जावर अंगठा दिला तो कचेरीसाठी. आशाला त्यांनी कधी कचेरी मानलंच नव्हतं.

मला राग आला. नेहमीसारखा, आधी दुसऱ्यांचा आणि मग, खूप उशिराने, स्वतःचा. ती उत्तरं माझ्या अक्षरात होती. पण तोंडातून निघालं ते असं: "गप्प बसा. उद्यापासून वहीत पाणी नाही असं लिहा. पुढच्या खेपेला गल्ली यादीत येईल."

"पुढची खेप कदी?"

गंजलेल्या जुन्या लाइनी बदलायची यादी त्याच गुरुवारी पाणी समितीपुढे जायची होती. ती यादी मागच्या तीन वर्षांच्या वहीवरूनच काढली होती. हौदाची गल्ली तिच्यात नव्हती, कारण वहीप्रमाणे तिथे पाणी खळखळत होतं. पुढची यादी चार वर्षांनी आली असती नाहीतर सहा.

"म्हंजे वहीच खोटी हाय असं लिवावं लागंल," बाई म्हणाल्या.

"तुमची फेरी काढून घेतील, बाई."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं त्या पुन्हा कुठंतरी गेल्या, पाण्याबरोबर. फेरी म्हणजे त्यांचं काय होतं ते मला माहीत होतं. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. ते धुक्यातलं चालणं, पायांखालचं ते दुसरं गाव, एवढंच त्यांचं होतं. मग म्हणाल्या, "कागद दे, भावेश."

अर्ज चार ओळींचा होता. हौदाच्या गल्लीच्या टोकाच्या नळाचा नमुना मी सहा वर्षं माझ्या हाताने घेतलेला नाही. मी बसून राहिले. त्या नोंदी खोट्या धराव्यात. घरातल्या माणसाचा काही दोष नाही. शेवटची ओळ त्यांनी दोनदा गिरवली. मला बजावलं की खालांना यातलं काही कळता कामा नये. आपल्या मायेने आपल्याच गल्लीचं पाणी तोडलं, हे त्या बाईच्या कानावर जायला नको.

साहेब वाईट माणूस नव्हते. अर्ज वाचून ते कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. "तुमच्या वहीवर मी समितीत भांडलोय," ते म्हणाले. "आता ही गल्ली यादीत घालायची तर मला सांगता आलं पाहिजे की टोकाचा नळ मी स्वतः पाहिला. उद्या सकाळी येतो. नळ कोरडा असला तर नाव घालतो. पाणी असलं तर मात्र तुमच्या या कागदाचं काय करायचं ते मला ठरवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं हौदाच्या गल्लीत गेलो. खालांचा पाय बांधलेला, तरी ओटा झाडलेला होता. साहेब आलेले बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. साहेबांनी विचारलं, "आजी, नळाला पाणी येतं का?"

खालांनी आधी आशालताबाईंकडे पाहिलं, मग साहेबांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. साहेब तपासायला आलेत, आशावर काहीतरी बालंट आलंय.

"येतंय की. रोज येतंय," त्या म्हणाल्या. "ही पोर आपल्या हातानं घेतेय. मी बघतेय ना. अल्ला गवाह हाय." आणि लंगडत आत जाऊन लोटा घेऊन आल्या. त्या सुजलेल्या पायाने त्या पहाटे रस्त्यापर्यंत जाऊन आल्या होत्या.

साहेबांनी स्वतः थेंब सोडले. पाणी पिवळंधमक झालं.

"मोरीतला नळ बघू का?" साहेबांनी विचारलं, पण पाऊल उचललं नाही. एकट्या म्हाताऱ्या बाईच्या झोपायच्या खोलीतून जायचं म्हणजे त्यांनाही अवघड वाटत होतं. खाला दारात आडव्या उभ्या राहिल्या. "मोरी वली हाय साहेब. तुमी बसा. च्या ठेवते." साहेबांनी नळी पेटीत ठेवली आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पाणी तर येतंय."

शेजारचा नळ बघा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण वहीत नाव होतं ते याच नळाचं, आणि मी वर्षानुवर्षं वहीच्या बाजूने बोलणारा माणूस. मी गप्प राहिलो. ते आजही मला बोचतं.

आशालताबाई ओट्यावरून उठल्या. खालांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"खाला, तुमी माज्यासाठी पाणी आणलंत. मला ठाव हाय. पन त्या पाण्यावर मी रोज लिवत गेले, इथं पाणी येतंय. म्हणून कचेरीनं कुणाचं ऐकलं नाय. तुमच्या माज्या लोट्यानं ही गल्ली सुकी रायली. सात घरं, खाला. आजपन तुमी व्हय म्हणालात तर सुकीच रानार."

गल्लीत दारं किलकिली झाली होती. अल्फिया उंबऱ्यात उभी होती. खाला एकेका दाराकडे बघत गेल्या, जणू आज पहिल्यांदाच मोजत होत्या. त्यांचा चेहरा इतका लहान झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. आशालताबाई रडत होत्या. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधी रडताना पाहिलं नाही.

मग खालांनी हात सोडवून घेतले. दारातून बाजूला झाल्या, पडदा सारला आणि साहेबांना म्हणाल्या, "या."

आम्ही आत गेलो. खाट, कुवेतहून आलेली मोठमोठ्या फुलांची चादर, वाळत घातलेले कपडे. खालांनी घाईघाईने एक कपडा उशीखाली सारला. पलीकडे मोरी. ओली नव्हती, अगदी कोरडी, कोपऱ्यात पालथी घातलेली एक बादली. खालांनी नळ पूर्ण उघडला आणि त्याच्याखाली आपला तळहात धरला. काही आलं नाही. साहेब म्हणाले, "बस आजी, पाहिलं मी." तरी त्या हात धरून उभ्याच राहिल्या. त्यांना वाटत असावं की एवढ्या माणसांसमोर तरी ते येईल.

गुरुवारी हौदाच्या गल्लीचं नाव यादीत हाताने लिहिलं गेलं. डिसेंबरात लाइन पडली. आशालताबाईंची फेरी गेली. पेटी दुसऱ्या माणसाकडे गेली, तो मोटरसायकलवरून फिरतो आणि दोन तासांत सव्वीस नळ उरकतो. बाईंना तक्रारींच्या खिडकीशी, माझ्या शेजारी बसवलं. त्या लिहायच्या सगळं नीट, पण मला बघवायचं नाही. सकाळी कचेरी उघडली की त्यांचे पाय टेबलाखाली हलत असायचे. हौदाच्या गल्लीत त्या परत गेल्या नाहीत. खालांनी निरोप पाठवला नाही, यांनीही नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "कोणत्या तोंडानं जाऊ?"

पुढच्या वर्षीचा मे महिना. धरण तळाला गेलेलं, खिडकीशी रांग. अकरा-साडेअकराला रांग जरा हलली आणि मागून झुबेदा खाला पुढे आल्या. काळा बुरखा घामाने भिजलेला, हातात काठी. आयुष्यात त्यांनी कचेरीची पायरी चढली नव्हती. मला वाटलं, आता हिशेब मागतात. आशालताबाई उभ्या राहिल्या आणि तशाच उभ्या राहिल्या, काय करावं ते न सुचून.

खालांनी रांगेतल्या कुणीतरी दिलेल्या स्टुलावर बसून दम घेतला.

"काल नळाला पाणी आलं नाय," त्या म्हणाल्या. "आज पावणेसातला आलं, सातला गेलं. अल्फियाकडं पन तसंच. मी उभी राहून बघितलंय."

"खाला," आशालताबाई म्हणाल्या. "एवढ्या उन्हातनं आलात. बसा, चहा सांगते."

"च्या मागनं," झुबेदा खाला म्हणाल्या. "आदी लिव."